पॉइंट टू-टू रायफलचा नेम कुठे बिघडतो?

50 मीटर रायफल प्रकारात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास 10.4 मिलिमीटर असतो. गोळीची कड रेषेला टेकली तरी दहा मिळतात आणि गोळी 5.6 मिलिमीटर जाडीची असते. म्हणजे गोळीचा मध्य निशाणाच्या मध्यापासून 8 मिलिमीटरच्या आत पडायला हवा. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला याच अंतरावर प्रोन (पोटावर झोपून नेम धरण्याच्या) प्रकारात जगज्जेत्या झाल्या, तेव्हा 60 गोळ्यांत त्यांचे फक्त तीन गुण गेले होते. स्वप्नील कुसाळे यांचं पॅरिस ऑलिंपिकमधलं कांस्यही याच .22 (पॉइंट टू-टू) रायफलीवरचंच. नेमबाज कितीही तयारीचा असला तरी रायफल आणि काडतूस मिळून गोळ्या थोड्या विखुरतातच. हा विखुर कमी करायचा तर आधी काडतूस पाहावं, मग दस्त्याचे स्क्रू, मग नळी. पुष्कळ जण नेमकं उलट करतात आणि नव्या नळीवर पैसे घालवतात.

.22 लाँग रायफल काडतुसात पेट घेणारं रसायन बुडाच्या पोकळ कडेत भरलेलं असतं. ते कडेभर सारखं पसरलं नाही, तर दारू दर वेळी थोडी वेगळी पेटते. स्पर्धेच्या काडतुसाची 2.6 ग्रॅमची शिशाची गोळी सेकंदाला साधारण 325 मीटर वेगाने निघते आणि 50 मीटर अंतर 0.16 सेकंदात कापते. तेवढ्या वेळात ती सुमारे साडेबारा सेंटिमीटर खाली येते. साइट (नेम धरायची खूण) लावताना हे अंतर आपण भरून काढलेलंच असतं. पण एखादी गोळी सेकंदाला 10 मीटरनं मंद निघाली की ती आणखी साधारण 8 मिलिमीटर खाली लागते, म्हणजे थेट दहाच्या कडेवर! हात स्थिर, श्वास स्थिर, तरीही गुण गेला.

हे काडतूस घरी भरता येत नाही, तेव्हा निवड करणं एवढंच हातात उरतं. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट (एका वेळी बनलेल्या मालाचे गट) एकाच रायफलीत वेगळे वागतात. चार-पाच लॉटची थोडी थोडी खोकी आणा, रायफल शिकंजात किंवा वाळूच्या पिशव्यांवर ठेवा आणि प्रत्येक लॉटचे 10 गोळ्यांचे निदान तीन ग्रुप काढा, म्हणजे एकाच निशाणावर झाडलेल्या 10 गोळ्यांची भोकं किती जवळ पडतात ते पाहा. तीन गोळ्या एकाच भोकात गेल्या म्हणून हुरळून जाऊ नका, असा योगायोग नेहमीच घडतो. लॉट बदलल्यावर पहिल्या 10-15 गोळ्या मोजू नका. गोळीवरच्या मेणाचा किंवा ग्रीसचा नवा थर नळीत बसायला तेवढ्या लागतात. जो लॉट जमेल तो वर्षभर पुरेल इतका घ्या आणि खोकी उन्हात ठेवू नका. काडतूस तापलं की वेग बदलतो.

यानंतर दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा आणि नळी ज्यावर स्क्रूंनी बसवलेली असते तो भाग. गोळी सुटताना नळी थरथरते. ही थरथर दर वेळी सारखी राहिली तर अपाय नाही, पण स्क्रू सैल असला की ती बदलते. टॉर्क रेंच, म्हणजे स्क्रू ठरावीक जोरानेच आवळणारा पाना, वापरा. उत्पादकाने आकडा दिला असेल तर तोच पाळा, स्पर्धेच्या रायफलींना तो बहुधा 5 न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. दोन्ही स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. मग रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोट नळी आणि दस्त्याच्या फटीवर ठेवा आणि पुढचा स्क्रू सैल करा. नळी उचलल्यासारखी जाणवली तर ॲक्शन (नळीमागचा, काडतूस आत घेऊन उडवणारा भाग) दस्त्यात ताणून बसलेली आहे. तिथे इपॉक्सीचं बेडिंग, म्हणजे ॲक्शन नीट बसेल असा इपॉक्सीचा थर, लागेल. लाकडी दस्ता पावसाळ्यात फुगतो, म्हणून आपल्याकडे ही तपासणी जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये करावी.

नळीच्या तोंडाची कड दुखावली की गोळीमागचा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळी किंचित कलते. कापसाची काडी त्या कडेवरून आतून बाहेर ओढा. तंतू अडकले तर तिथे ओरखडा आहे. हा ओरखडा बहुधा तोंडाकडून सळई घालून साफ केल्याने पडतो. सळई नेहमी चेंबरकडून (काडतूस बसतं त्या मागच्या टोकाकडून), ती सरळ धरणारी गाइड लावूनच घाला. चेंबरच्या पुढे जळलेल्या काजळीचं कडक कडं जमतं, तेही तिथल्या तिथे काढा, नाहीतर काडतूस सारखं बसत नाही.

जोरदार काडतूस घेतलं की वाऱ्याचा त्रास कमी होईल, असा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात होतं उलट. ध्वनीचा वेग 20 अंश तापमानाला सेकंदाला 343 मीटर असतो. त्याच्या वर गेलेल्या गोळीला हवेचा अडथळा एकदम वाढतो आणि ती वाऱ्याने अधिक ढकलली जाते. मंद गोळीलाही सेकंदाला एक मीटरचा आडवा वारा 50 मीटरवर साधारण 5 मिलिमीटर सरकवतो. म्हणून रेंजवर 10 आणि 30 मीटरवर फडकी लावतात, आणि लॉटची चाचणी ती फडकी लोंबत असतील तेव्हाच घ्यावी.