प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने बंद केल्यास शाई सुकत नाही?

‘घरचा प्रिंटर वापरून झाला की लगेच भिंतीवरचे बटण बंद करा, म्हणजे शाई सुकत नाही,’ असा सल्ला वर्षानुवर्षे फिरत आहे. वीज वाचवण्याचा त्यातला हेतू रास्त आहे. शाईबद्दलचा दावा मात्र बरोबर नाही.

इंकजेट प्रिंटरमध्ये शाई ‘हेड’ या सरकत्या भागातल्या केसाहूनही बारीक छिद्रांतून कागदावर पडते. प्रिंटरवरचे स्वतःचे बटण दाबले की हेड सरकत कडेला जाते आणि रबरी टोपणावर बसते, त्यामुळे छिद्रांना हवा लागत नाही. हेड तिथे पोहोचण्यापूर्वीच वीज तोडली, तर छिद्रे उघडी राहतात आणि शाई तिथेच सुकते. शिवाय पुन्हा वीज येताच अनेक मॉडेल आपोआप हेड साफ करतात व त्यात शाई खर्च होते. म्हणून आधी प्रिंटरचे बटण दाबावे, दिवा विझू द्यावा आणि मग खुशाल भिंतीवरचे बटण बंद करावे. (लेझर प्रिंटरला हा प्रश्नच नाही, टोनर ही कोरडी पूड असते.)

छपाई नीट येत नसेल, तर शाई सुकली आहे का हे पडताळण्यासाठी प्रिंटरच्या मेंटेनन्स मेनूतून ‘नोझल चेक’चे (नोझल म्हणजे हीच छिद्रे) पान काढावे. रेषा तुटक आल्या तर एकदा क्लीनिंग करून पान पुन्हा काढावे. सतत क्लीनिंग केल्याने शाई वाया जाते. रेषा अखंड असतील, तर दोष बहुधा संगणकातल्या अडकलेल्या प्रिंट क्यूचा (छपाईच्या कामांच्या रांगेचा), ‘ऑफलाइन’ सेटिंगचा किंवा, मुंबईच्या पावसाळ्यात विशेषतः, दमट होऊन एकमेकांना चिकटलेल्या कागदांचा असतो.