दारूत हरवलेली रात्र परत मिळते का?

रेचल सकाळी उठते तेव्हा अंगावर रक्त असतं, डोक्याला खोक पडलेली असते आणि काल रात्रीचं काहीही आठवत नसतं. रोज ट्रेनच्या खिडकीतून दिसणारी एक बाई त्याच रात्रीपासून बेपत्ता आहे. पॉला हॉकिन्स यांच्या ‘द गर्ल ऑन द ट्रेन’ (२०१५) या कादंबरीत हे लंडनच्या आसपास घडतं, पुढच्या वर्षी आलेल्या सिनेमात न्यूयॉर्कच्या. (सिनेमा बघायचा राहिला असेल तर इथेच थांबा, पुढे रहस्य फुटणार आहे.)

रेचलला होतो तो ब्लॅकआउट. बेशुद्ध पडणं निराळं. ब्लॅकआउटमधला माणूस बोलतो, भांडतो, गाडीसुद्धा चालवतो. फक्त त्याची नोंद मेंदूत होत नाही. ताज्या अनुभवाची टिकाऊ आठवण तयार करायला हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग लागतो. तिथल्या पेशींवरचे एनएमडीए रिसेप्टर, म्हणजे संदेश पकडणारे रेणू, रक्तातलं अल्कोहोल झपाट्याने वाढलं की मंदावतात. उपाशीपोटी घटाघट पिणाऱ्याला म्हणूनच धोका जास्त.

१९७०च्या सुमारास डोनाल्ड गुडविन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने दहा जणांना, त्यातल्या बहुतेकांना दारूचं व्यसन होतं, चारेक तासांत अर्धा लिटरच्या आसपास बर्बन व्हिस्की पाजली. मग हातात पॅन धरून विचारायचं, भूक लागलीय का? उत्तर आलं की सांगायचं, यात मेलेले उंदीर आहेत. दोन मिनिटांनी विचारलं तर बहुतेकांना आठवत होतं. अर्ध्या तासाने निम्म्या जणांना काहीच सांगता येईना, दुसऱ्या दिवशीही नाही. असले उंदीर कोणी विसरेल का? पण विसरले!

अशा कोऱ्या जागेत दुसऱ्याने सांगितलेली गोष्ट सहज बसते. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९९५मध्ये २४ जणांना त्यांच्या लहानपणीचे प्रसंग वाचायला दिले. त्यात ‘तू मॉलमध्ये हरवला होतास’ हा एक बनावट होता. सुमारे पाव लोकांना तो थोडाफार तरी ‘आठवला’. त्यांना निदान शंका घ्यायला वाव होता. रेचलकडे नवऱ्याचं खोटं ताडून बघायला काहीच नव्हतं. पार्टीत तू तमाशा केलास, असं टॉम सांगतो आणि ती वर्षानुवर्षं शरमेने मान खाली घालते. पुढे ट्रेनमध्ये त्या पार्टीची यजमान मार्था भेटते. रेचल माफी मागू लागते, तर मार्था बुचकळ्यातच पडते. माझ्या मते सिनेमातला हा सगळ्यात पक्का प्रसंग, शास्त्राच्या बाजूनेही.

घोटाळा शेवटाकडे होतो. ती रात्र रेचलला संवादांसकट परत मिळते. ब्लॅकआउट अर्धवट असेल तर खूण मिळाल्यावर तुकडे परत येतात, हे खरं. पण पूर्ण ब्लॅकआउटमध्ये आठवण मुळात बनलेलीच नसते. आणि टॉमचं इतकी वर्षं ऐकल्यावर वर आलेला तुकडा खरा की रचलेला, हे एकट्या रेचलला कळणार तरी कसं? तिथे मार्थासारखी शुद्धीवर असलेली साक्षीदारच हवी.