कोलोमा : सोनं सापडलं ती जमीन कोणाची?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, सियेरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशी, ‘अमेरिकन’ नावाच्या नदीच्या दक्षिण फाट्यावर कोलोमा नावाची लहानशी वस्ती आहे. २०१० च्या जनगणनेत तिथे ५२९ माणसं मोजली गेली. गावाला नगरपालिका नाही, महापौर नाही. आपल्याकडे एखाद्या वाडीला स्वतःची ग्रामपंचायत नसते तसंच हे. रस्ते, पोलीस, जमिनीच्या वापराची परवानगी असा सगळा कारभार एल डोराडो काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) बघते आणि तिचं मुख्यालय प्लासरव्हिलला आहे. एकेकाळी ते मुख्यालय कोलोमातच होतं. कॅलिफोर्नियातली सोन्यासाठीची झुंबड (गोल्ड रश) याच नदीकाठावरून सुरू झाली.

गोष्ट मात्र सोन्याच्या आधीपासून सांगायला हवी. इथे निसेनान या मूळनिवासी लोकांचं गाव होतं. त्यांच्या भाषेतल्या त्याच्या नावाचा अर्थ ‘सुंदर’ असा सांगतात. त्याचंच पुढे कोलोमा झालं. दरी खरोखर देखणी आहे. समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटर उंचीवर असल्याने हिवाळा सोसवणारा, ओकची झाडं भरपूर, बारमाही नदी. ओकची फळं दळून केलेलं पीठ हे निसेनानांचं मुख्य अन्न.

१८४७ मध्ये जॉन सटरने इथे लाकूड कापण्याची गिरणी उभारायचं ठरवलं. खालच्या खोऱ्यात, आजच्या सॅक्रामेंटोजवळ, त्याचा किल्ला आणि मोठी शेती होती. त्याला फळ्या हव्या होत्या. त्याने न्यू जर्सीहून आलेल्या जेम्स मार्शल या सुताराशी भागीदारी केली. बांधकामावर मॉर्मन पंथाचे काही तरुण होते, आणि निसेनान मजूरही होते.

चाकाखालून पाणी बाहेर नेणारा चर उथळ पडला आणि चाक नीट फिरेना. मग दिवसा चर खणायचा, रात्री त्यात पाणी सोडून माती-वाळू वाहून जाऊ द्यायची, सकाळी पाणी अडवून किती खोली झाली ते बघायचं, असा क्रम लागला. नदीनेही हजारो वर्षं हेच केलं होतं. डोंगरातल्या गारगोटीच्या शिरा झिजल्या, त्यांतलं सोनं पाण्याबरोबर खाली आलं, आणि पायथ्याशी प्रवाहाचा जोर कमी झाला तसं ते जड म्हणून खड्यांत बसलं. २४ जानेवारी १८४८ च्या सकाळी मार्शल त्या चरात उतरला तेव्हा तळाशी काहीतरी पिवळं चमकलं. त्याने तो कण दगडावर ठेवून ठोकला. तो फुटला नाही, चपटा झाला. मजुरांचा स्वयंपाक करणाऱ्या जेनी विमरने एक तुकडा साबण शिजवण्याच्या कढईत, तीव्र खाराच्या पाण्यात टाकला. दुसऱ्या दिवशीही तो तसाच पिवळा निघाला. हेन्री बिगलर नावाच्या मजुराने त्या दिवशी रोजनिशीत सोन्यासारखा धातू सापडल्याचं टिपून ठेवलं, म्हणून तर ही तारीख आपल्याला कळते. ठोकून चपटा केलेला एक इवलासा पापुद्रा आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

यानंतर घडलेली एक गोष्ट सोन्याच्या शोधाइतकीच महत्त्वाची आहे, असं मला वाटतं. सटर आणि मार्शल यांनी निसेनानांशी त्या जागेचा भाडेपट्टा केला होता. मोबदला म्हणून कपडे, अवजारं अशा वस्तू द्यायच्या होत्या. त्याला मान्यता मिळावी म्हणून सटरने माणूस माँटेरेला, अमेरिकेचे लष्करी गव्हर्नर कर्नल मेसन यांच्याकडे पाठवला. मेसन यांनी नकार दिला : मूळनिवासींना जमीन विकण्याचा किंवा भाड्याने देण्याचा हक्क अमेरिकेचं सरकार मानत नाही. म्हणजे ज्यांची जमीन, त्यांचाच शब्द कागदावर शून्य झाला. मेक्सिकोने कॅलिफोर्निया अमेरिकेला देण्याचा करार २ फेब्रुवारी १८४८ चा. सोनं सापडून तेव्हा नऊच दिवस झाले होते, आणि करारावर सह्या करणाऱ्यांना त्याची खबरही नव्हती.

मे महिन्यात सॅम ब्रॅनन या व्यापाऱ्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांतून सोन्याची कुपी नाचवली. ५ डिसेंबरला अमेरिकेचे अध्यक्ष पोक यांनी संसदेपुढे दुजोरा दिला आणि जग लोटलं. पुढच्या काही वर्षांत कॅलिफोर्नियात अंदाजे तीन लाख माणसं आली. पण १८४८ च्या उन्हाळ्यात मेसन यांनी स्वतः पाहणी केली तेव्हा सोन्याच्या पट्ट्यात सुमारे चार हजार माणसं खपत होती, आणि त्यांत निम्म्याहून अधिक मूळनिवासी होते. ही बाब सहसा कोणी सांगत नाही. वर्षभरात चित्र पालटलं. हत्या झाल्या, गावं जाळली गेली. १८५१-५२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या जमातींशी केलेले १८ करार, ज्यांत त्यांच्यासाठी जमिनी राखून ठेवल्या होत्या, अमेरिकेच्या सिनेटने फेटाळले आणि १९०५ पर्यंत गुप्त ठेवले. १८४८ मध्ये राज्यात दीड लाखाच्या आसपास असलेले मूळनिवासी १८७० पर्यंत तीस हजारांवर आले.

कोलोमाचं वैभवही टिकलं नाही. इथलं वरवरचं सोनं लवकर संपलं, खाणकामगार पुढे सरकले, आणि १८५७ मध्ये काउंटीचं मुख्यालय प्लासरव्हिलला गेलं. चिनी वस्तीतली दोन दगडी दुकानं तेवढी अजून उभी आहेत. सटरच्या जमिनींवर लोकांनी कब्जे केले आणि तो बुडाला. मार्शलला राज्याने १८७२ मध्ये पेन्शन दिली, ती पुढे बंद झाली. १८८५ मध्ये तो जवळच्या केल्सी गावात गरिबीतच वारला. १८९० मध्ये त्याच्या थडग्यावर पुतळा उभा राहिला. सोनं सापडलं त्या जागेकडे त्याचं बोट आहे.

ज्या जागेकडे ते बोट आहे, तिची मालकी पुढे एका कृष्णवर्णीय कुटुंबाकडे आली. नॅन्सी गूच हिला १८४९ मध्ये मिसुरीतून गुलाम म्हणून इथे आणलं होतं. लहानगा मुलगा अँड्र्यू मन्रो मागेच राहिला. १८५० मध्ये कॅलिफोर्निया गुलामगिरी नसलेलं राज्य म्हणून संघात आलं आणि ती मुक्त झाली. तिने खाणकामगारांचे कपडे धुतले, स्वयंपाक केला, पै पै साठवली. १८७० च्या सुमारास तिने मुलाला, सुनेला आणि नातवंडांना कोलोमात आणलं. ताटातूट झाल्याला वीसेक वर्षं उलटली होती. मागे ठेवलेलं पोर आता लेकुरवाळं झालं होतं. या कुटुंबाने, म्हणजे गूच-मन्रो घराण्याने, फळबागा लावल्या आणि हळूहळू जमीन घेतली; गिरणीची मूळ जागाही त्यातच आली. धुण्याच्या पैशांतून उभी राहिलेली ही मालकी मला त्या पापुद्र्यापेक्षा मोलाची वाटते. नॅन्सी १९०१ मध्ये गेली.

१९४० च्या दशकात राज्याने ऐतिहासिक उद्यानासाठी ती जागा घेतली. १९४७ च्या उत्खननात गिरणीचं जुनं लाकूडकाम सापडलं. नदीने पात्र बदललेलं असल्यामुळे आजची प्रतिकृती मूळ ठिकाणापासून थोडी हटून उभी आहे. शाळेच्या सहली येतात, मुलं परातीत वाळू चाळतात, नदीत राफ्टिंग चालतं.

जमिनीचा प्रश्न मात्र मिटलेला नाही. कोलोमातल्या जुन्या कृष्णवर्णीय कुटुंबांचे काही वंशज अलीकडच्या वर्षांत पुढे आले आहेत. आपल्या पूर्वजांची जमीन उद्यानासाठी अन्यायाने घेतली गेली, असं ते सांगतात. गुलामगिरीच्या नुकसानभरपाईचा विचार करण्यासाठी कॅलिफोर्नियाने नेमलेल्या कृतिदलापुढेही हा विषय मांडला गेला. निसेनानांचा भाडेपट्टा मेसन यांनी नाकारला, तोही याच जमिनीचा होता.