अलिबाग की मुरूड : पाण्यातले किल्ले असलेल्या दोन जुन्या राजधान्या

रेवदंडा हे अलिबाग आणि मुरूड यांना जोडणाऱ्या रस्त्यावरचे गाव असल्यामुळे, दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी उतरणारे पाहुणे दरवर्षी एकच प्रश्न विचारतात : उत्तरेला अलिबागला जावे की दक्षिणेला मुरूडला? दोन्ही गावे रायगड जिल्ह्यातली, दोन्हींना समुद्रकिनारा आणि समोर पाण्यात किल्ला, त्यामुळे अनेकांच्या मनात या दोन ठिकाणांची चित्रे एकमेकांत मिसळून गेलेली असतात. मला वाटते, या गावांकडे दोन किनारे म्हणून न पाहता दोन छोट्या राजधान्या म्हणून पाहिले, तर निवड पुष्कळ सोपी होते.

अलिबाग ही आंग्र्यांच्या कुलाबा संस्थानाची राजधानी होती आणि ते संस्थान इंग्रजांनी १८४० मध्ये खालसा केले. मुरूड ही सिद्दी नवाबांच्या जंजिरा संस्थानाची राजधानी होती आणि ते संस्थान १९४८ पर्यंत टिकले. या शतकभराच्या अंतराचा परिणाम आजही दोन्ही गावांत दिसतो. गोंधळाला भाषेचाही हातभार आहे. ‘जंजिरा’ हा शब्द बेट या अर्थाच्या अरबी शब्दावरून आला आणि मराठी कागदपत्रांत तो कोणत्याही जलदुर्गाला लावला जाई. जंजिरे विजयदुर्ग, जंजिरे सुवर्णदुर्ग असे उल्लेख त्यामुळेच सापडतात. ‘कुलाबा’ या नावाचीही तीच गत आहे. मुंबईतला कुलाबा वेगळा, अलिबागचा किल्ला वेगळा, आणि आजच्या रायगड जिल्ह्याचेही नाव १९८१ पर्यंत कुलाबाच होते.

प्रवाशाच्या दृष्टीने खरा फरक मात्र पाण्याचा आहे. कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी पायी किंवा घोडागाडीने जाता येते, तर मुरूडच्या जंजिऱ्याभोवती पाणी कायमच असते आणि तिथे होडीशिवाय गत्यंतर नाही. म्हणून अलिबागला निघण्यापूर्वी पंचांग पाहावे, असे मी आग्रहाने सांगते. किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा आहे की शुद्ध किंवा वद्य पक्षातील तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते आणि त्याच्या साधारण सहा तास पुढेमागे ओहोटी असते. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी नऊच्या आसपास. किल्ल्यातल्या गणपतीच्या दर्शनाला त्या दिवशी जाणाऱ्याला वाट मोकळी मिळते. पौर्णिमा-अमावास्येला उधाणामुळे पाणी खूप मागे हटते, पण ते पहाटे आणि संध्याकाळी. भर दुपारी तिथे भरती असते. आमच्या मावशीकडची मंडळी एकदा नेमकी पौर्णिमेच्या दुपारी बारा वाजता हौसेने वाळूत उतरली आणि कमरेएवढे पाणी पाहून परत फिरली. अष्टमीला ओहोटी दुपारी असते खरी, परंतु ते भांगाचे दिवस असल्याने पाणी फारसे हटत नाही. तृतीया ते पंचमी हे दिवस मला सर्वांत सोयीचे वाटतात.

किल्ल्यात पोहोचल्यावर आधी तटाशी उभे राहून दगड जवळून पाहावेत. अजस्र चिरे चुन्याशिवाय नुसते एकमेकांवर रचलेले आहेत आणि मधल्या फटींत लाटेचे पाणी शिरून तिचा जोर मोडतो. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू केलेले हे बांधकाम संभाजी महाराजांच्या काळात पूर्ण झाले, आणि पुढे कान्होजी आंग्र्यांनी इथूनच आपल्या आरमाराचा कारभार हाकला. आत गोड्या पाण्याची पुष्करणी आहे आणि उत्तरेच्या बाजूला इंग्लंडमध्ये ओतलेल्या, चाकांच्या गाड्यावरच्या दोन तोफा आहेत. कान्होजींची समाधी अलिबाग शहरात आहे. ती चुकवू नये. एरवी अलिबाग हे जिल्ह्याचे ठिकाण झाल्याने जुनी राजधानी कचेऱ्या आणि बाजारपेठेखाली झाकली गेली आहे.

मुरूडला मात्र राजधानीपण अजून उघड दिसते. गावात शिरतानाच समुद्रावर नजर ठेवून असलेला नवाबाचा राजवाडा लागतो, जो खासगी असल्याने बाहेरूनच पाहावा लागतो. वाटेतले फणसाड अभयारण्य हेसुद्धा मूळचे नवाबांचे शिकारीचे रान. इथे एक चूक फार लोक करतात : मुरूडच्या किनाऱ्यावरून समोर दिसणारा किल्ला हा जंजिरा नव्हे, तर जंजिऱ्याला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी उभारलेला पद्मदुर्ग आहे. जंजिऱ्याला जाण्यासाठी चार-पाच किलोमीटर पुढे राजपुरीला जावे लागते. तिथून शिडाची होडी निघते, आणि ती तटाच्या अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठे आहे हे कळतच नाही. दाराशी, पंजांत हत्ती पकडलेल्या वाघाचे शिल्प कोरलेले आहे. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये समुद्रात भर घालून किल्ल्यापर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न केला होता. होडीत बसून ते अंतर पाहिले की त्या धाडसाचे मोल समजते. राजपुरीजवळच्या खोकरी येथील सिद्द्यांचे तीन दगडी घुमट फारसे कोणी पाहत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

हाताशी एकच दिवस असेल आणि मुंबईहून यायचे असेल, तर अलिबाग निवडावे, कारण मांडव्यापर्यंत बोटीने येऊन तासाभरात शहरात पोहोचता येते. दोन रात्री असतील तर माझे मत निःसंशय मुरूडच्या बाजूने आहे. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात, त्यामुळे त्या महिन्यांत हा बेत आखू नये. दोन्ही राजधान्या पाहायच्या असतील, तर तृतीयेच्या किंवा चतुर्थीच्या सकाळी कुलाबा किल्ला करून, दुपारी रेवदंड्याच्या खाडीवरचा पूल ओलांडून, कोर्लई आणि काशीदवरून संध्याकाळी मुरूडला मुक्कामी यावे, आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढण्याआधी राजपुरीच्या धक्क्यावर हजर व्हावे.