घरातले दोन कॉम्प्युटर आणि पासवर्डचा घोळ : पार्श्वभूमी

एकाच राउटरवर असलेले दोन कॉम्प्युटर एकमेकांना दिसत नाहीत. दिसले तर आत घेत नाहीत, आणि रोज ज्या पिनने मशीन उघडते तो इथे चालत नाही. विंडोजची नवी आवृत्ती आली की ही तक्रार नव्याने सुरू होते. दोष केबलचा किंवा वाय-फायचा क्वचितच असतो. फाइल मागणारा कोण, हे घरात ठरवायचे कोणी, या प्रश्नाचे उत्तर विंडोजने २००१ पासून अनेकदा बदलले आणि प्रत्येक वेळी जुन्या उत्तरावर विसंबलेले लोक अडकले.

त्याआधीचा काळ या अर्थाने सोपा होता. १.४४ एमबीची फ्लॉपी, नाहीतर दोन सिरियल पोर्ट जोडणारी नल मोडेम केबल. सेकंदाला १,१५,२०० बिट या तिच्या कमाल वेगाने एका फ्लॉपीइतका मजकूर जायला दोन मिनिटे लागत. पॅरलल पोर्टची केबल बरीच वेगवान होती. १९९३ च्या एमएस-डॉस ६ मध्ये यासाठी इंटरलिंक नावाची सोय आली, पण फाइल देणारे मशीन तेवढा वेळ दुसऱ्या कशालाच वापरता येत नसे. पलीकडे कोण आहे हे विचारण्याचे कारण नव्हते, केबलची दोन्ही टोके एकाच खोलीत असायची.

आज आपण ज्याला फोल्डर शेअर करणे म्हणतो त्यामागचा एसएमबी हा प्रोटोकॉल, म्हणजे मशीनांनी एकमेकांशी बोलण्याचे नियम, १९८० च्या दशकात ऑफिसच्या नेटवर्कसाठी तयार झाला. ऑफिसात कोण कोण आहे याची यादी मध्यवर्ती सर्व्हर ठेवू शकतो. घरात तसा सर्व्हर नसतो, प्रत्येक मशीनची यादी वेगळी असते. पुढच्या बहुतेक अडचणी इथून निघाल्या.

विंडोज ९५ आणि ९८ ने यातून पळवाट काढली होती. पासवर्ड माणसाला न देता फोल्डरला दिला : एक फक्त वाचण्यासाठी, दुसरा बदल करण्यासाठी. कोणालाही समजेल अशी ही व्यवस्था होती, पण तिची अंमलबजावणी कच्ची होती. समोरचे मशीन जितकी अक्षरे पाठवेल तितकीच तपासली जात, म्हणजे पासवर्डचे पहिले अक्षर ओळखले तरी दार उघडे. हे २००० साली उघड झाले, दुरुस्तीही आली, तरी २००२ मध्ये ओपासर्व्ह नावाचा वर्म, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम, याच फटीतून पसरला. तोवर कितीतरी घरांतले कॉम्प्युटर केबल मोडेमला थेट जोडलेले होते आणि शेअर केलेला फोल्डर खुल्या इंटरनेटवरून दिसत होता.

मग २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली, आणि खरा वाद इथे आहे. एक्सपीच्या रूपाने ऑफिससाठी घडवलेल्या विंडोज एनटीची चौकट घरात आली. या चौकटीत ज्या मशीनवरची फाइल हवी त्या मशीनवर तुमच्या नावाचे खाते असावे लागते. घरी मात्र लोक स्वागताच्या पडद्यावर चित्रावर क्लिक करून आत जात, अनेकांच्या खात्याला पासवर्डच नसे. बिनपासवर्डच्या खात्याने नेटवर्कवरून आत येता येणार नाही, असा शहाणपणाचा नियमही एक्सपीनेच घातला होता. दोन्ही गोष्टी एकत्र केल्या तर घरात कोणालाच काही शेअर करता आले नसते.

यावर काढलेला तोडगा म्हणजे सिंपल फाइल शेअरिंग. नेटवर्कवरून कोणीही येवो, त्याने कोणतेही नाव सांगो, त्याला गेस्ट म्हणजे पाहुणा समजायचे आणि पाहुण्यांच्या एकाच खात्यातून आत घ्यायचे. होम आवृत्तीत हे बंद करता येत नसे. प्रोफेशनलमध्ये फोल्डर ऑप्शन्सच्या लांबलचक यादीच्या तळाशी एक चौकोन होता, त्यातली खूण काढली की एनटीची मूळ पद्धत परत मिळे. होममध्ये फाइलीच्या परवानग्यांचा सिक्युरिटी हा टॅब पाहायचा तरी मशीन सेफ मोडमध्ये सुरू करावे लागे.

जाणकारांनी या निर्णयाची यथेच्छ टिंगल केली. घरातल्या हिशोबाचा फोल्डर एकाला दाखवावा आणि दुसऱ्याला नाही, एवढी साधी गोष्ट होत नव्हती. शेअर केले की ते सगळ्यांना. वाय-फायला पासवर्ड नसेल तर त्या सगळ्यांत शेजारीही आला. टीका खोटी नव्हती, पण तिच्या भरात दुसरी बाजू झाकली गेली. गेस्ट हे सगळ्यात कमी अधिकारांचे खाते. एखाद्या वर्मने ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड अचूक ओळखला, तरी नेटवर्कवरून आल्यामुळे त्याच्या पदरात गेस्टचेच अधिकार पडत. संपूर्ण ड्राइव्ह उघडणारे छुपे शेअर त्याच्या हाती लागत नसत. एनटीची मूळ पद्धत सुरू करून खात्यांना तकलादू पासवर्ड ठेवणारा हौशी जाणकार उलट जास्त उघडा पडत होता. गेस्टच्या निर्णयाची नालस्ती त्याच्या दोषांच्या मानाने जास्तच झाली, असे माझे मत आहे. घातक गोष्ट वेगळी होती : एक्सपीत फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी अडवणारी भिंत, होती, पण सुरुवातीला ती आपोआप चालू नसे. २००४ च्या सर्व्हिस पॅक २ ने ती चालू केली आणि फाइल शेअरिंगची वाट स्थानिक नेटवर्कपुरती ठेवली.

२००७ च्या विंडोज व्हिस्टाने काटा उलटा फिरवला. आता पासवर्डशिवाय प्रवेश नाही. नको असेल तर ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद करा, म्हणजे पुन्हा गेस्ट जागा होईल. हा पर्याय बंद करण्याचा सल्ला त्यानंतर वर्षानुवर्षे जो तो देत राहिला.

विंडोज ७ सोबत २००९ मध्ये होमग्रुप आला. सगळ्या घराचा मिळून एकच पासवर्ड, तोही कॉम्प्युटरनेच तयार केलेला. पडद्यामागे प्रत्येक मशीनवर एक छुपे खाते बनत असे आणि त्यामार्फत व्यवहार चाले, म्हणजे सामायिक यादीचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुटला होता. पण फक्त विंडोज ७ आणि त्यापुढच्यांसाठी. घरातली एक्सपी, मॅक, लिनक्स किंवा नेटवर्कची हार्ड डिस्क बाहेरच राहिली. आयपीव्ही६, म्हणजे नेटवर्कवरच्या पत्त्यांची नवी पद्धत, बंद केले की होमग्रुप कोलमडे, आणि त्या काळात आयपीव्ही६ बंद करायला सांगणाऱ्यांची कमी नव्हती. विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीने २०१८ मध्ये होमग्रुप काढून टाकला. जवळच्या मशीनला एकेक फाइल पाठवणारे निअरबाय शेअरिंग त्याच आवृत्तीत आले, पण पाठवणे वेगळे आणि फोल्डर कायमचा खुला ठेवणे वेगळे. एकाने दुसऱ्याची जागा भरली नाही.

दरम्यान २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय झाले, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वर्म जगभर पसरला. एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीच्या अंमलबजावणीतला दोष मार्चमध्येच दुरुस्त झाला होता, पण असंख्य मशीनवर ती दुरुस्ती पोचली नव्हती. ही आवृत्ती काढून टाकायची तयारी आधीपासून चालली होती आणि त्याच शरद ऋतूत विंडोज १० च्या १७०९ मध्ये ते झाले. नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये तिचा सर्व्हरचा, म्हणजे फाइली देणारा, भाग उरला नाही. होम आणि प्रो आवृत्त्यांत क्लायंटचा, म्हणजे फाइली मागणारा, भाग ठेवला, पण तो एकूण १५ दिवस वापरात आला नाही तर आपोआप निघून जाई. लोकांना जाणवला तो वेगळाच परिणाम. नेटवर्कमधल्या शेजारी मशीनची यादी करणारी जुनी यंत्रणा याच आवृत्तीवर उभी होती, त्यामुळे यादी रिकामी दिसू लागली. शेअरिंग बंद पडले अशी समजूत झाली. दोन बॅकस्लॅश आणि पलीकडच्या मशीनचे नाव टाइप केले की फोल्डर पूर्वीसारखाच उघडत होता, पण हे कोणी आपणहून करून पाहत नाही.

गेस्टचा शेवट हळूहळू झाला. १७०९ मध्ये एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्त्यांनी बिनओळखीचा गेस्ट प्रवेश नाकारला, घरगुती वापरकर्त्यांना सूट राहिली. विंडोज ११ च्या २४एच२ ने २०२४ मध्ये प्रोलाही तो नियम लावला आणि एसएमबीच्या प्रत्येक निरोपावर डिजिटल सही सक्तीची केली. सहीची किल्ली पासवर्डवरून बनते. गेस्टकडे पासवर्डच नसल्यामुळे त्याला सही करता येत नाही, म्हणजे हा एकच नियम गेस्टला बाद करायला पुरेसा होता. राउटरला पेनड्राइव्ह लावून ती गेस्ट प्रवेशाने घरभर वापरणारे यात सापडले.

आता उरला तो पिनचा गोंधळ. पिन त्या एका मशीनपुरता असतो, नेटवर्कवर तो चालत नाही. पलीकडचे मशीन खात्याचा पासवर्ड मागते, आणि पिन आल्यापासून तो अनेकांनी एकदाही टाइप केलेला नसतो. म्हणून दोन्ही मशीनवर एकाच नावाचे आणि एकाच पासवर्डचे स्थानिक खाते करून ठेवायची युक्ती अजूनही सांगितली जाते. ती एनटीच्या काळातली आहे आणि २४एच२ वरही चालते.