तलावात सोडलेली संत्री

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी आमच्या गल्लीतली चार इंजिनिअरिंगची पोरे तलावाच्या पाळीवर उभी राहून पाण्यात एकेक संत्रे सोडत होती. फिरायला आलेले एक आजोबा थांबले. थोडा वेळ पाहिले आणि म्हणाले, "खायचे सोडून पाण्यात काहून टाकून राहिले बे?"

प्रश्न रास्त होता. संत्री नागपूरच्या कळमना बाजारातली, डागाळलेली, स्वस्तात मिळालेली होती. पण ती टाकण्यामागे डोके होते. न सोललेले संत्रे पाण्यावर तरंगते, कारण सालीच्या पांढऱ्या, भुसभुशीत भागात हवा असते. सोलले की तेच संत्रे बुडते (घरी करून पाहा, अर्ध्या मिनिटाचे काम आहे). शिवाय ते तरंगते तेही जवळजवळ पूर्ण बुडून, डोक्याचा लहानसा भाग तेवढा वर ठेवून. त्यामुळे वारा त्याला थेट फारसा ढकलू शकत नाही. वरचे पाणी जाते तिकडे ते जाते. ओढ्या-नद्यांमधल्या पाण्याचा वेग मोजायला संत्री वापरायची पद्धत जुनी आहे. आपल्याकडे तर संत्र्यांचा तुटवडा नाही.

हे सगळे सुरू झाले ते एका होडीपासून. या पोरांना तलावातला तरंगता कचरा काढायचे यंत्र बनवायचे होते. तलाव कोणता ते सांगत नाही. गांधीसागर घ्या, फुटाळा घ्या, सोनेगाव घ्या, कोपऱ्यात दिसते ते सगळीकडे तेच: निर्माल्य, नारळाच्या शेंड्या, पाण्याच्या बाटल्या, थर्माकोलचे तुकडे आणि खर्ऱ्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाच्या, प्लॅस्टिकच्या पन्न्या. खर्ऱ्याची पन्नी हा नागपूरच्या तलावांचा खास दागिना म्हणावा लागेल. पोरांनी बर्डीच्या बाजारातून दोन मोटारी, रिमोट आणि बॅटरी आणली, पीव्हीसी पाइपांची चौकट केली, पुढे जाळी लावली आणि होडी पाण्यात सोडली.

पहिली अडचण पाच मिनिटांत दिसली. होडी पुढे सरकते तेव्हा ती समोरच्या पाण्याला ढकलते आणि समोर एक छोटी लाट तयार होते. हलकी पन्नी त्या लाटेबरोबर बाजूला सरकते. म्हणजे कचऱ्याजवळ जावे तो कचरा लांब पळतो. दुसरी अडचण जाळीची. जाळीत कचरा भरला की तिची भोके बुजतात, ओढ वाढते आणि बॅटरी संपते. होडी तलावाच्या मधोमध बंद पडली. कचरा उचलायला गेलेले यंत्र स्वतःच तरंगता कचरा झाले, आणि एका मासेमाराची ट्यूब मागून ते परत आणावे लागले.

पोरांना वाईट वाटले, पण त्यांनी वाटून घेण्याचे कारण नव्हते. बोयान स्लाट हा डच तरुण 18 वर्षांचा असताना, 2013 साली, त्याने समुद्रातले प्लॅस्टिक गोळा करणारी 'द ओशन क्लीनअप' ही संस्था काढली. 2018 मध्ये त्यांनी 600 मीटर लांबीचा तरंगता अडसर सॅन फ्रान्सिस्कोहून पॅसिफिक महासागरात नेला. तो कचरा धरून ठेवू शकला नाही. कारण ऐकायला अगदी साधे आहे: अडसर आणि प्लॅस्टिक दोन्ही जवळपास सारख्याच वेगाने वाहत असतील तर कोण कोणाला पकडणार? पुढे 2019 मध्ये त्यांनी पाण्याखाली मोठी हवाई छत्री बांधून अडसराचा वेग मुद्दाम कमी केला, तेव्हा कुठे प्लॅस्टिक त्यात येऊन अडकू लागले. एवढा पैसा, एवढे इंजिनिअर, आणि चूक मात्र आमच्या होडीच्या जातकुळीतली: पाण्याला नीट विचारले नव्हते.

होडीनंतर बादली आली. ही कल्पना मरीनांमधली. मरीना म्हणजे खासगी बोटी नांगरून ठेवायची, भिंतींनी वेढलेली शांत गोदी. नागपूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब, त्यामुळे मरीना आपल्याकडे असण्याचा प्रश्न नाही. पण भिंती, साचलेले पाणी आणि कोपऱ्यात जमणारा कचरा एवढ्यापुरते पाहिले तर मरीना आणि आपला दगडी पाळीचा तलाव सख्खे भाऊच. पीट सेग्लिन्स्की आणि अँड्र्यू टर्टन या दोन ऑस्ट्रेलियन माणसांनी मरीनांसाठी 'सीबिन' नावाची तरंगती कचरापेटी बनवली आणि 2015-16 मध्ये लोकवर्गणीतून तिचे भांडवल उभे केले. पाण्यात बुडालेली एक बादली, तिचा काठ पृष्ठभागाच्या किंचित खाली. तळाचा पंप बादलीतले पाणी बाहेर काढत राहतो, त्यामुळे काठावरून नवे पाणी आत पडत राहते आणि त्याच्याबरोबर तरंगता कचरा येतो. पाणी गाळून बाहेर, कचरा पिशवीत. तासाला सुमारे 25,000 लिटर पाणी.

पोरांची बादली घरगुती होती. रंगाचा रिकामा डबा, आत कांद्याच्या पोत्याची जाळी, तळाला तासाला 4,000 लिटर ओढणारा 12 व्होल्टचा पंप. ती चाललीही, पण पन्न्याच घ्यायची, बाटल्या घेईना. बाटल्या काठाशी येऊन नुसत्या डुलत राहायच्या.

इथे गणित करायला मजा येते. तासाला 4,000 लिटर म्हणजे सेकंदाला लिटरभरापेक्षा थोडे जास्त. डब्याचे तोंड एक फूट व्यासाचे धरले तर काठाचा घेर सुमारे 95 सेंटीमीटर भरतो. एवढे पाणी एवढ्या लांब काठावरून पडायचे तर त्याच्या थराची जाडी किती असेल? बंधाऱ्यावरून पडणाऱ्या पाण्याचे सूत्र लावले तर उत्तर येते जेमतेम 8 मिलीमीटर. पाण्याच्या त्या पापुद्र्यावर पन्नी सहज बसून आत येते. सात सेंटीमीटर जाडीची बाटली कशी येणार? आणि नारळाचे तर नावच नको. घेर कमी केला तर थर जाड होतो, पण मग बादलीचा 'हात' आखूड होतो, कमी रुंदीतला कचरा येतो. पंप मोठा करावा तर बॅटरी मोठी हवी. फुकट काही मिळत नाही.

त्याहून वाईट म्हणजे बादली कलंडायची. एका बाजूने कचरा जास्त आला की ती बाजू खाली जाते, खाली गेली की तिथून पाणी आणखी येते आणि पाण्याबरोबर आणखी कचरा. चूक स्वतःलाच वाढवत नेते. मरीनामध्ये हा त्रास होत नाही, कारण तिथले धक्के स्वतः तरंगते असतात. भरती-ओहोटीला धक्का वर-खाली होतो आणि त्याला जोडलेली पेटीही बरोबर वर-खाली होते. आपली पाळ दगडाची. पाणी दिवाळीला काठोकाठ आणि मे महिन्यात पायऱ्या उघड्या. पोरांनी शेवटी दोन उभे पाइप रोवले आणि बादली कड्यांनी त्यांवर सरकती ठेवली. तेव्हा ती सरळ राहू लागली.

पण खरा प्रश्न बादलीचा नव्हताच. समजा 10 हेक्टरचा तलाव आहे आणि त्याचा वरचा फक्त 10 सेंटीमीटरचा थर गाळायचा आहे. ते झाले एक कोटी लिटर. तासाला 25,000 लिटर गाळणारी खरीखुरी सीबिन लावली तरी 400 तास, म्हणजे रात्रंदिवस चालवून जवळपास 17 दिवस. तोवर नवा कचरा आलेला असतो. म्हणून तर सीबिनच्या कामगिरीचे आकडे सावधपणे वाचावे लागतात. इंग्लंडमध्ये प्लिमथच्या एका मरीनात संशोधकांनी ती तपासली आणि 2022 मध्ये निष्कर्ष छापले: दिवसाला सरासरी 58 तुकडे कचरा, वजन सहा ग्रॅमच्या आसपास. आणि दर तीन-चार तुकड्यांमागे एक जीव, म्हणजे छोटे मासे, झिंगे, खेकडे, त्यातले निम्मे मेलेले. त्यापेक्षा धक्क्यावर किंवा होडीत उभे राहून जाळीने कचरा काढणारा माणूस जास्त काम करतो, असेही त्यांना आढळले. सीबिन वाईट आहे असे मी म्हणत नाही. चुकीच्या जागी ठेवलेले कुठलेही यंत्र असेच वागेल.

मग योग्य जागा कोणती? इथे संत्री आली.

तलावावर वारा वाहतो तेव्हा तो पाण्याच्या वरच्या थराला आपल्याबरोबर ओढतो. ढोबळ नियम असा की वरचे पाणी वाऱ्याच्या साधारण 3 टक्के वेगाने सरकते. ताशी 11 किलोमीटरची साधी झुळूक घ्या, म्हणजे सेकंदाला 3 मीटर. पाणी सरकेल सेकंदाला 9 सेंटीमीटर. चारशे मीटरचा तलाव ओलांडायला सव्वा तास. हे पाणी पलीकडच्या पाळीला थडकते आणि पुढे जागा नाही म्हणून खाली वळून तळाने परत फिरते. कचऱ्याला मात्र खाली जाता येत नाही. पॉलिथिनची घनता पाण्यापेक्षा कमी, 0.91 ते 0.96. बूच लावलेल्या बाटलीत हवा. थर्माकोल तर जवळजवळ सगळी हवाच. पाणी फिरून जाते, कचरा काठाशी उरतो. म्हणजे वारा अख्खा तलाव फुकटात झाडत असतो आणि केर एका कोपऱ्यात लावून ठेवतो. आपण सुपली घेऊन भलत्याच कोपऱ्यात बसलेलो असतो.

पोरांनी बारा संत्री सोडली, थर्माकोलच्या तुकड्यांवर पेनने आकडे घालून तेही सोडले, आणि घड्याळ लावून बसली. थर्माकोल पुढे गेला, कारण त्याचे बहुतेक अंग पाण्याबाहेर आणि वारा त्याला शिडासारखा ढकलतो. संत्री मागून, संथ. पण दोन्हींची दिशा एकच निघाली. अकरा संत्री एकाच कोपऱ्यात सापडली. त्यांनी बादली लावली होती त्या कोपऱ्यात नाही, समोरच्या. बारावे सांडव्याकडे निघून गेले होते, आणि तीही माहितीच होती.

आता त्या कोपऱ्यात बांबूचा तिरका अडसर आहे, खाली शेडनेटची झालर. तिरका का? आडवा लावला तर कचरा मधोमध साचतो आणि पाण्याच्या रेट्याने खालून निसटतो. तिरका लावला की तो अडसराच्या कडेने घसरत टोकाला येतो. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या बंदरात 2014 पासून चालणारे 'मिस्टर ट्रॅश व्हील' हे डोळे लावलेले यंत्र याच तत्त्वावर आहे: अडसर कचरा त्याच्या तोंडाशी आणून देतो आणि नदीच्या प्रवाहावर फिरणारे चाक पट्टा ओढून तो वर घेते, प्रवाह कमी पडला तर सौरऊर्जा. आमच्याकडे प्रवाह नाही, म्हणून टोकाशी बादली, आणि मोठ्या वस्तूंसाठी लांब दांड्याची जाळी घेतलेला एक माणूस. पंप रात्री बंद असतो. पिशवी रोज उघडून आतली माशांची पिल्ले पाण्यात परत सोडायची, हा नियम पोरांनी प्लिमथचे आकडे वाचून केला.

अडसराची दोरी मुद्दाम कच्ची ठेवली आहे. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. दहा मीटर रुंद, अर्धा मीटर खोल आणि कचऱ्याने बुजलेल्या जाळीवर सेकंदाला 30 सेंटीमीटरच्या प्रवाहात साधारण 34 किलो भार येतो. पुरात वेग दहापट झाला तर भार शंभरपट, जवळपास साडेतीन टन. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचे पाणी घराघरांत शिरले, ते आम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. तसे पाणी आले तर अडसराने तुटून बाजूला व्हावे, पाणी अडवू नये. एका टोकाची दोरी पक्की, दुसऱ्याची कच्ची, म्हणजे तो दारासारखा उघडेल.

घाई मात्र आहे. पन्नी कायम तरंगत नाही. तिच्यावर शेवाळ आणि जिवाणूंचा थर चढतो, वजन वाढते आणि ती तळाशी जाते. एकदा गाळात गेली की ना बादली उपयोगाची ना बांबू.

फेब्रुवारी-मार्चमध्ये वारा फिरलेला असेल, कोपरा कदाचित बदलेल. बाजारात मृग बहाराची संत्री आली की पुन्हा बारा घेऊन पाळीवर जायचे ठरले आहे.