हाताने वळलेली कॉइल : कुठवर मेहनत फळते आणि कुठून पुढे नुसती हौस

हे माहितीपत्रक ब्रिटनमधल्या, व्हेप (ई-सिगारेट) वापरणाऱ्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी आहे. कॉइल म्हणजे व्हेपमधले लिक्विड तापवून त्याची वाफ करणारे तारेचे वेटोळे. रिबिल्डेबल टाकी किंवा ड्रिपर (ज्यांत कॉइल आपल्या हाताने बसवता येते) वापरणारे, स्वतः तार वळणारे किंवा वळायला शिकू पाहणारे यांना ते उपयोगी पडेल. सिगारेट ओढतच नसाल तर हे पत्रक इथेच ठेवा. निकोटिनची सवय मुद्दाम लावून घेण्यात काही शहाणपण नाही. 18 वर्षांखालच्या कुणाला आम्ही माल विकत नाही.

काउंटरवर सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न असा : फोटोत दिसते तशी नक्षीदार एलियन किंवा फ्रेम्ड स्टेपल कॉइल (यांची रचना पुढे दिली आहे) हाताने करायला दोन-दोन तास जातात, पण चवीत तेवढा फरक पडतो का? आमचे उत्तर : साध्या तारेवरून फ्यूज्ड क्लॅप्टनवर (बारीक तार गुंडाळलेल्या जोडतारेवर) गेलात तर फरक जाणवतो. त्याच्या पुढची बहुतेक मेहनत म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

तार गुंडाळल्याने नेमके काय होते

क्लॅप्टन म्हणजे मधे एक जाड तार आणि तिच्यावर अंगाला अंग लावून गुंडाळलेली बारीक तार. व्हायोलिनची किंवा गिटारची खर्जाची तार अशीच असते, आणि हे नावही एका गिटारवादकावरूनच पडले. गाभ्यात एकाऐवजी दोन तारा शेजारी ठेवून वर बारीक तार गुंडाळली की फ्यूज्ड क्लॅप्टन. वीज मुख्यतः गाभ्यातून जाते. बारीक तारेचे काम दोन : पृष्ठभाग वाढवणे आणि वेढ्यांमधल्या खाचांत लिक्विड धरून ठेवणे. चव दाट लागते ती या खाचांमुळे.

पण फुकट काही मिळत नाही. गेज म्हणजे तारेच्या जाडीचा क्रमांक, आकडा मोठा तितकी तार बारीक. 26 गेजच्या निक्रोम 80 (निकेल-क्रोमियमच्या) तारेचे 3 मिमी दांडीवर सात वेढे घेतले तर पायांसह (स्क्रूखाली जाणाऱ्या टोकांसह) साधारण 85 मिमी तार लागते, रोध 0.7 ओहमच्या आसपास येतो आणि कॉइलचे वजन 90 मिलिग्रॅमच्या थोडे वर भरते. आता 28 गेजच्या दोन तारांवर 38 गेज गुंडाळलेल्या फ्यूज्ड क्लॅप्टनचे त्याच दांडीवर पाच वेढे घ्या. तार 65 मिमी, रोध 0.44 ओहम, वजन मात्र 170 मिलिग्रॅमच्या वर. त्या 65 मिमीवर केसासारखी तार सव्वा मीटर बसलेली असते आणि निम्मे वजन तिचेच असते.

वजन दुप्पट म्हणजे तापायला लागणारी ऊर्जाही दुप्पट. दोनशे अंश तापमान वाढवायला साध्या कॉइलला 8 ज्यूल पुरतात, फ्यूज्डला 15-16 लागतात. 25 वॅटला साधी कॉइल सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात तयार होते, फ्यूज्डला सहा दशांश सेकंद लागतात. तेवढीच तत्परता हवी तर 45 वॅटच्या आसपास जावे लागते. ‘नवी कॉइल टाकली पण आधीचीच बरी होती’ या तक्रारीत निम्म्या वेळा चूक कॉइलची नसते. मॉडवरचा (बॅटरी आणि बटण असलेल्या भागावरचा) वॅटचा आकडा तसाच राहिलेला असतो.

वॅट वाढले की लिक्विडही त्याच प्रमाणात उडते. रोज 3 मिली लागणाऱ्याला 6 मिली लागू लागले, तर महिन्याला 90 मिली जास्तीचे झाले. व्हेपच्या लिक्विडवरचा 1 ऑक्टोबर 2026 पासूनचा ब्रिटनमधला कर 10 मिलीला 2.20 पाउंड आहे. म्हणजे या जास्तीच्या लिक्विडवर नुसता कर 19.80 पाउंड, आणि त्यावर व्हॅट वेगळा. कॉइल घरी करून वाचवलेले दोन-तीन पाउंड इथे कुठल्या कुठे जातात.

कोणासाठी काय

सिगारेटसारखा, आधी तोंडात घेऊन मग छातीत झुरका घेणाऱ्यांनी नक्षीच्या नादी लागू नये. 28 गेज कांथलची (निकेल नसलेल्या मिश्रधातूच्या तारेची) साधी कॉइल, 2.5 मिमी दांडी, 1 ओहम किंवा वर आणि 12-15 वॅट. बस्स. या पद्धतीत हवा इतकी थोडी येते की जाड कॉइल तापलेलीच राहते आणि घसा जाळते.

थेट छातीत झुरका घेणाऱ्यांना मात्र फ्यूज्ड क्लॅप्टन जरूर सुचवू. एक कॉइल असेल तर 35-45 वॅट, दोन असतील तर 60-75. लिक्विड मिलीला 3 मिलिग्रॅम निकोटिनचे घ्या. 20 मिलिग्रॅमचे सॉल्ट (निकोटिन सॉल्टचे) लिक्विड अशा कॉइलवर ओढले तर चक्कर आणि मळमळ ठरलेली.

गोड लिक्विड आवडणाऱ्यांनी थोडे थांबून विचार करावा. कस्टर्ड, डोनट, बऱ्याचशा फळांच्या चवी यांत सुक्रालोज हा कृत्रिम गोड पदार्थ बहुधा असतो आणि त्याचा काळा चिकट थर कॉइलवर बसतो. साधी तार मंद लाल करून धुतली की लख्ख होते. क्लॅप्टनच्या खाचांत शिरलेला थर पूर्ण निघत नाही, आणि एलियनच्या लाटांत तर तो घर करून राहतो. दोन तास खपून केलेली कॉइल आठवड्यात फेकायची असेल, तर ते दोन तास कुठे गेले याचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

ज्यांना निकेलची ॲलर्जी आहे, कानातल्याने किंवा घड्याळाच्या पट्ट्याने ज्यांना पुरळ उठते, त्यांनी निक्रोम टाळावे. निक्रोम 80 मध्ये 80 टक्के निकेल असते, 316 एल स्टेनलेस स्टीलमध्येही थोडे असते. कांथल लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमचे असते. तीच फ्यूज्ड क्लॅप्टन कांथलमध्ये केली तर 0.44 ऐवजी 0.58 ओहमच्या आसपास येईल.

फ्यूज्ड क्लॅप्टन घरी करताना

सामान थोडे आहे : वेग कमी-जास्त होणारी बॅटरीची ड्रिल, बॉल बेअरिंगचे मासेमारीचे स्विव्हल (मोकळी फिरणारी कडी), छोटा शिकंजा, 3 मिमीची दांडी, सिरॅमिक चिमटा, धारदार कटर आणि ओहम मीटर. स्विव्हलवर पैसे वाचवू नका. स्वस्त स्विव्हल अडकत फिरते आणि गाभ्याच्या तारांना पीळ बसतो.

28 गेजच्या तारेचा साधारण 70 सेमी तुकडा शिकंज्यात एका टोकाला, ड्रिलमध्ये दुसऱ्या टोकाला धरा आणि हलका ताण देऊन काही सेकंद फिरवा. तार सुतासारखी सरळ होते. रिळावरून काढलेली वाकडी तार तशीच वापरली, तर गाभ्याच्या दोन तारांमध्ये फट राहते आणि पुढचे सगळे त्या फटीवर बिघडते. सरळ केलेल्या तारेचे दोन समान तुकडे करा. एका तारेवर 38 गेजचे दहा-बारा वेढे हाताने घाला, मग दुसरी तार त्या वेढ्यांतून सरकवा. या बाजूची दोन्ही टोके ड्रिलमध्ये पकडा, दुसऱ्या बाजूची स्विव्हलला, आणि तारा ताठ राहतील इतकाच ताण ठेवा.

ड्रिल सुरुवातीला अगदी सावकाश फिरवा. बारीक तार गाभ्याला जवळजवळ काटकोनात, पण किंचित मागे, झालेल्या वेढ्यांकडे झुकलेली धरा. नवा वेढा आधीच्या वेढ्याला स्वतःहून चिकटतो. पुढे झुकली तर फटी पडतात, जास्त मागे झुकली तर वेढ्यावर वेढा चढतो. चढलेला वेढा दिसला की लगेच थांबा, उलटे फिरवून तेवढे सोडवा. ‘पुढे जाऊन नीट होईल’ असे होत नाही. 30 सेमी लांबीला जवळपास तीन हजार वेढे आणि सुमारे 6 मीटर बारीक तार लागते. मिनिटाला 600 फेऱ्यांनी पाच मिनिटांचे काम आहे, हात बसेपर्यंत अर्धा तास धरा. दोन्ही टोकांचा खराब भाग सोडून यात तीन-चार कॉइल निघतात.

दांडीवर वळताना तार पट्टीसारखी सपाट बसली पाहिजे. ती कडेवर उभी राहू लागली, तर बोटाने दाबून ताण वाढवा. पाय स्क्रूखाली घालण्याआधी टोक स्वच्छ कापलेले आहे का पाहा. कुरतडलेल्या टोकाची बारीक तार स्क्रू आवळताना उसवते आणि एखादा तंतू डेकला (कॉइल बसवायच्या धातूच्या तळाला) टेकून शॉर्ट होतो. मीटरवर 0.1 च्या खाली आकडा दिसला, तर बटण दाबू नका. पाय कुठे टेकतो ते शोधा. उलट 0.44 च्या जागी 0.6 दिसत असेल तर स्क्रू सैल आहे.

कापूस (लिक्विड शोषून कॉइलला पोचवणारी वात) घालण्यापूर्वी 15 वॅटवर एकेक सेकंदाच्या ठोक्यांनी कॉइल तापवा. लाली मधून सुरू होऊन दोन्हीकडे सारखी पसरली पाहिजे. एखादा वेढा आधी पेटत असेल, तर बटण सोडून सिरॅमिक चिमट्याने कॉइल हलकेच छेडा, मग दाबून घ्या. फक्त पायच लाल होत असतील तर दोष स्क्रूचा. मंद लालच्या पुढे जाऊ नका, पांढरी-पिवळी झळाळी हे कौतुक नव्हे, तारेचे नुकसान आहे. टायटॅनियम आणि शुद्ध निकेलची तार कोरडी लाल करायचीच नाही.

वातीकडे दुर्लक्ष करू नका

इथे खरी गोष्ट सांगायची तर महागड्या कॉइलपेक्षा कापूस नीट घातल्याने चव जास्त सुधारते. कापसाची वात कॉइलमधून ओढताना हलकी अडली पाहिजे, पण कॉइल वाकता कामा नये. घट्ट झाली तर लिक्विड वेळेत पोचत नाही आणि कोरडा झुरका बसतो, घशात जळक्या कापसाचा ठसका. हा प्रकार नुसता बेचव नाही. कोरडी पडलेली कॉइल लिक्विडला जरुरीपेक्षा तापवते आणि फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलिनसारखे घातक पदार्थ तयार होतात. जळका वास आला की तो झुरका सोडून द्या आणि वात बदला. उलट वात सैल झाली तर गळती आणि तोंडावर गरम शिंतोडे. बाहेरच्या शेपट्या चिमट्याने विंचरून निम्म्या पातळ करा. आत घट्ट, बाहेर विरळ.

कॉइल हवेच्या भोकापासून दीड-दोन मिलिमीटरवर, बरोबर समोर. मोठ्या एलियन कॉइल छोट्या डेकवर याच ठिकाणी फसतात, कारण त्यांना अंतर ठेवायला जागाच उरत नाही.

एलियन आणि स्टेपल

एलियनसाठी आधी 28 वर 38 ची क्लॅप्टन करायची, तिचा गाभा ओढून काढायचा, उरलेली स्प्रिंग तिप्पट-चौपट ताणायची आणि तीन तारांच्या गाभ्यावर ती लाटेसारखी बसवत न्यायची. गाभा लांब तुकड्यातून निघत नाही, म्हणून 8-10 सेमीचे तुकडे. स्प्रिंग कमी ताणली तर लाटा एकमेकींवर चढतात, जास्त ताणली तर सपाट होतात. एकदा बिघडलेली स्प्रिंग पुन्हा वापरता येत नाही. फ्रेम्ड स्टेपलमध्ये दोन गोल तारांच्या मधे 0.3 × 0.1 मिमी पट्ट्या सहा-आठ एकावर एक रचतात. गुंडाळताना त्यातली एखादी, पत्त्यांच्या कॅटमधला पत्ता आडवा व्हावा तशी फिरते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. कळते ते तापवताना, त्या जागी गरम ठिपका उमटतो तेव्हा.

हे सगळे साधले तरी फ्यूज्ड क्लॅप्टनच्या तुलनेत चवीतला फरक थोडा आहे, आणि तो दाखवायला 70-80 वॅट लागतात. लाटांत साचलेले लिक्विड शिंतोडेही जास्त उडवते. ज्यांना विणकाम करावे तसा तारेच्या कामाचा छंद आहे, त्यांनी अवश्य करावे, त्यात आनंद आहे. नुसती चव हवी असेल तर महिन्यातून एक जोडी तयार घ्या. तयार घेतानाही भिंगातून पाहा. फटी, चढलेले वेढे, असमान लाटा दिसल्या तर परत करा, आमच्याकडची असली तरी.

बॅटरीचा हिशोब

0.44 ओहमच्या दोन कॉइल लावल्या की 0.22 ओहम होतो. मेकॅनिकल मॉडमध्ये (ज्यात वीज नियंत्रित करणारे सर्किट नसते) पूर्ण भरलेल्या 4.2 व्होल्टला हा 19 अँपिअर ओढतो. 20 अँपिअरच्या 18650 (18 मिमी जाड, 65 मिमी लांब) बॅटरीला यात उसंत राहत नाही, म्हणून अशी जोडणी आम्ही करून देत नाही. नियंत्रित मॉडही एका 18650 वर 80 वॅटला लावू नका. बॅटरी 3.2 व्होल्टवर आली की तेवढ्याच वॅटसाठी ती 25 अँपिअरपेक्षा जास्त देऊ लागते. वेष्टण फाटलेली बॅटरी बाद. सुटी बॅटरी खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर नको, डबीत ठेवा.

भारतात सुट्टीला जाताना व्हेप, कॉइल, लिक्विड यांतले काहीही सामानात नको, नातेवाइकांसाठी तर मुळीच नको. 2019 च्या कायद्याने तिथे ई-सिगारेटची आयात, विक्री, वाहतूक आणि साठवणूक बंद आहे. आयात, विक्री किंवा वाहतुकीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

कॉइल बसवून किंवा तपासून हवी असल्यास टाकी रिकामी करून आणा, आणि बॅटरी काढून वेगळी.